नवीन स्कॅनिंग थांबव, आधी आहे ते मोज

पत्र:

मॅडम, मी पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत आठ महिन्यांपूर्वी असिस्टंट लायब्ररियन म्हणून लागले. डिजिटल कलेक्शन आता तू बघ असं सांगून माझ्या ताब्यात एक लोखंडी कपाट दिलंय. त्यात ११ एक्सटर्नल हार्ड डिस्क, प्रबंधांच्या सीडींचे ६ खोके आणि एका वाड्यातून आलेले मोडी कागदांचे ९ रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे आहेत. डिस्कवरच्या फायलींची नावं स्कॅन००१, न्यू फोल्डर २, फायनल फायनल अशी. आधी हे काम बघणारे सर रिटायर झाले, यादी कुठेच नाही. तीन महिन्यांनी नॅकची, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी टीम येणार, तोपर्यंत सगळं पोर्टलवर दिसलं पाहिजे असा वरून निरोप आहे, एका स्कॅनिंगवाल्याचं कोटेशन पण आलंय. ज्यांनी मोडी कागद दिले ते आजोबा ८४ वर्षांचे आहेत, दर सोमवारी फोन करून विचारतात की आमचे कागद इंटरनेटवर कधी येणार, आणि मला काय सांगावं कळत नाही. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? सुरुवात कुठून करू? मला तू म्हटलं तरी चालेल.
– झोप उडालेली ग्रंथपाल

उत्तर:

तुझं पत्र काल रात्री वाचलं आणि सकाळी परत वाचलं. मी २६ वर्षं लायब्ररीत काढली, त्यातली शेवटची बारा असल्याच कपाटासमोर, त्यामुळे तुझी झोप का उडालीये ते मला नीट कळतंय. आधी एक सांगते, तू विचारलेल्या दोन्ही प्रश्नांत सॉफ्टवेअरचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, आणि स्कॅनिंगवाल्याचं कोटेशन सध्या फायलीला लावून ठेव, त्याला हो म्हणू नकोस. जे ऑलरेडी स्कॅन झालंय तेच आत्ता धोक्यात आहे. त्यात अजून भर घालून काय मिळणार?

का म्हणते ते सांगते. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील, मी जिथे होते तिथे कॉलेजच्या जुन्या वार्षिक अंकांचे ४१ खंड आम्ही हौसेने स्कॅन केले, दोन उन्हाळे गेले त्यात. सगळं एका हार्ड डिस्कवर ठेवलं आणि डिस्क कपाटात. मग जागेची बोंब झाली, आणि कुणीतरी म्हणालं स्कॅन झालंय ना आता, कसर लागलेले गठ्ठे कशाला ठेवायचे, आणि ते खंड रद्दीत गेले. मी तेव्हा ज्युनियर होते, बोलले नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं. पुढे एका पावसाळ्यानंतर डिस्क लावली तर नुसतं टिक, टिक, टिक, आणि स्क्रीनवर काहीच नाही. तपकीर गल्लीत दोन दुकानं झाली, मुंबईला पाठवून झाली, हाती काही लागलं नाही. त्यातल्या एका अंकात वसतिगृहातल्या मुलींच्या पहिल्या बॅचचा ग्रुप फोटो होता, खाली सगळ्यांची नावं. काही महिन्यांनी एक आजी नातीला घेऊन आल्या, त्यांच्या आईचा फोटो त्यात होता, तो बघायचा होता त्यांना. मी त्यांना पाणी दिलं, बसवलं, आणि फोटो आमच्याकडे आता नाही हे सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, नातीचा हात धरून जिना उतरून गेल्या.

म्हणून पहिली गोष्ट, स्कॅन केलं म्हणून मूळ कागद टाकायचा नाही, कोणीही सांगू दे, आणि हे लेखी मागून घे. दुसरी, हा आठवडा फक्त मोजणीचा. प्रत्येक डिस्कला नंबराचं स्टिकर लाव, १ ते ११. त्यावर काय आहे, किती फायली, किती जीबी, कुठल्या प्रकारच्या, सगळ्यात जुनी तारीख कुठली एवढं एका शीटमध्ये भर. सध्या काहीही डिलीट करायचं नाही, नावं बदलायची नाहीत, डुप्लिकेट वाटलं तरी हात लावायचा नाही, कारण स्कॅन००१ हे नाव कितीही फालतू वाटलं तरी ते कुठल्या फोल्डरमध्ये होतं यावरून ते कशाचं पान आहे ते कळतं, ते एकदा हललं की कायमचं गेलं. आणि रिटायर झालेल्या सरांना चहाला बोलव ना. ११ डिस्क टेबलावर मांडून ठेव आणि नुसतं विचार, सर ही कुठली. त्या तासाभरात जे कळेल ते तुला तीन महिने फायली उघडून कळणार नाही.

सीडींचे सहा खोके मात्र लगेच हातात घे, डिस्कच्या बरोबरीने. आपण घरी-ऑफिसात लिहितो त्या सीडीत रंगाचा एक थर असतो, डेटा त्या थरात असतो, आणि तो उन्हाने, उकाड्याने, दमटपणाने हळूहळू खराब होतो. पुण्यातले चार पावसाळे बंद कपाटात काढलेल्या सीडीवर बुरशीचे ठिपके मी स्वतः पाहिलेत. एखादी वाचली गेली नाही तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघ, एका ड्राइव्हला जमत नाही ते दुसऱ्याला कधी कधी जमतं. जी मेलीच तिची नोंद कर आणि डिपार्टमेंटकडे किंवा त्या विद्यार्थ्याकडेच प्रत माग, पीएचडी झालेला माणूस आपला प्रबंध सहसा टाकत नाही.

आता चेकसम. हा शब्द ऐकून घाबरू नकोस, खर्च शून्य आहे आणि विंडोजमध्ये त्याची सोय आधीच असते, सर्टयुटिल नावाची कमांड आहे. फाइल कमांडला दिली आणि शा-२५६ हा प्रकार हवा असं सांगितलं की ती ६४ अक्षरांचा एक ठसा काढून देते. फायलीत एक बिट जरी बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. कॉपी करायच्या आधी सगळ्या फायलींचे ठसे काढायचे, नवीन डिस्कवर कॉपी झाली की परत काढायचे, दोन्ही याद्या जुळल्या तरच कॉपी झाली असं म्हणायचं. हजारो फायलींचं हाताने करू नकोस, कॉम्प्युटर सायन्सच्या एखाद्या मुलाला सांग, छोटी स्क्रिप्ट लिहून देईल. मग दर सहा महिन्यांनी परत. फाइल आतून सडली तर वरून कळत नाही, नाव तेच, साइझ तीच, उघडायला गेलं की अर्धं पान राखाडी. ठसा बघणारा माणूस असेल तर ते वेळेत कळतं आणि दुसरी प्रत शाबूत असताना दुरुस्त करता येतं.

प्रती तीन हव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक इमारतीबाहेर. एकाच कपाटात दोन डिस्क ठेवल्या तर त्या दोन प्रती नव्हेत, एकच आहे असं समज. पुण्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधल्या घराघरांतून काय काय वाहून गेलं ते आपल्या आधीच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. आणि आता पुराच्या जोडीला दुसरं संकट आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर रॅन्समवेअर हल्ला झाला, म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागतात तो, एवढी मोठी संस्था, तरी त्यांचा ऑनलाइन कॅटलॉग परत दिसायला जानेवारी २०२४ उजाडलं, तोही फक्त शोधण्यापुरता. म्हणून तीनपैकी एक प्रत अशी हवी की ती कुठल्याच नेटवर्कला जोडलेली नाही, कॉपी झाली की वायर काढून बाजूला. तुमचा दुसरा कॅम्पस असेल तर तिकडच्या ग्रंथपालांशी बोल, त्यांची एक प्रत तुझ्याकडे, तुझी एक त्यांच्याकडे.

इथपर्यंत साधारण चार-पाच आठवडे जातील, आणि वरच्यांना पोर्टलवर काही दिसणार नाही, ते विचारतील. त्यांना काय सांगायचं ते पुढे लिहिते, पण त्याआधी नोंदींबद्दल बोलू, कारण माझ्या मते खरं ग्रंथपालाचं काम ते आहे.

तू म्हणशील मशीन शोधून देईल की. नाही देत, मराठीत तर अजिबात नाही. एक प्रयोग करून बघ, कऱ्हाड हा शब्द घे. तो दोन प्रकारे टाइप होतो, एकात मुळातच नुक्ता असलेलं ऱ हे अक्षर असतं आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्याला न दिसणारा एक जोडणीचा कोड. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द आहेत. वर तिसरा माणूस कराड लिहितो. म्हणजे एकाच गावचे कागद तीन ढिगांत, आणि शोधणाऱ्या मुलीला एकच ढीग दिसतो, तिला वाटतं संपलं. माणसांचंही तेच, वि. का. राजवाडे, विश्वनाथ काशिनाथ राजवाडे, राजवाडे वि का, मशीनच्या लेखी हे तिघं जण. त्यामुळे नावांची एक यादी कर, गावांची एक कर, ती यादी हाच कायदा, नोंद करणाऱ्या प्रत्येकाने त्यातूनच कॉपी करायचं, स्वतः टाइप करायचं नाही, आणि बाकीची रूपं पर्यायी नाव म्हणून जोडायची म्हणजे कसंही शोधलं तरी सापडतं.

नोंदीचे रकाने म्हणशील तर डब्लिन कोअर नावाच्या नोंदींच्या प्रमाण साच्यात १५ आहेत, पहिल्या झटक्यात नऊ-दहा पुरतात, शीर्षक, कर्ता, तारीख, भाषा, विषय, प्रकार, मूळ वस्तू कुठे ठेवलीये, हक्क, ओळख क्रमांक. दाखल क्रमांक मात्र विसरू नकोस, वस्तू लायब्ररीत आली की ज्यात नोंदवतात त्या ॲक्सेशन रजिस्टरमधला जुना नंबरच डिजिटल आणि कागदाला बांधून ठेवतो. फायलींना पुढे कधी नवीन नाव द्यायची वेळ आली तर दाखल क्रमांक, मग अंडरस्कोअर, मग चार आकडी पान नंबर, बास. फायलीच्या नावात स्पेस नको, देवनागरी नको, फायनल तर नकोच.

तारखांबद्दल थोडं जास्त लिहिते कारण तुझ्याकडे मोडी आहे. शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन येतो, पौषाच्या सुमाराला जानेवारी लागला की ७९. पण मोडी पत्रांत बहुतेक वेळा शुहूर सन येतो आणि तोही आकड्यात नाही, अरबी शब्दांत, उदाहरणार्थ इसन्ने सबैन मया व अलफ. म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७२, त्यात ५९९-६०० मिळवले की १७७१-७२. हे वर्ष मृगाला बदलतं म्हणून दोन सन येतात. नोंदीत दोन रकाने कर, एकात कागदावर जशी आहे तशी तारीख शब्द न शब्द, दुसऱ्यात आपण काढलेली. गणित चुकलं तर पुढच्या माणसाला मूळ दिसलं पाहिजे.

प्रबंधांच्या पीडीएफ उघडशील तेव्हा अजून एक गोष्ट दिसेल. मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विषयांचे जुने प्रबंध बऱ्याचदा श्री-लिपी नाहीतर आयएसएम या जुन्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. वाचायला स्वच्छ मराठी, पण एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट केलीस की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. म्हणजे आत मराठी नाहीच, नुसता मराठीचा मुखवटा आहे, सर्च कसं चालणार? अशा प्रत्येक फायलीपुढे शीटमध्ये खूण कर. मूळ फाइल तशीच जप, शिवाय पानांच्या इमेजवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर चालवून युनिकोड, म्हणजे शोधता येणारा खरा मराठी मजकूर वेगळा तयार कर, त्यासाठी टेसरॅक्ट फुकट आहे आणि त्यात मराठी आहे. जोडाक्षरांत चुका होतात, सगळ्या दुरुस्त करत बसू नकोस, शीर्षक, अनुक्रमणिका आणि सारांश एवढं माणसाने वाचून नीट कर, बाकी मजकूर शोधापुरता कच्चा चालेल.

आता नॅक. तुझ्या सरांकडे जा तेव्हा हातात मोजणीची शीट घेऊन जा. इतक्या फायली आहेत, इतक्यांची एकच प्रत आहे, इतक्या सीडी वाचल्या जात नाहीत, हे आकडे समोर ठेव. मग म्हण की तीन महिन्यांत सगळं नाही, पण २०० वस्तू पूर्ण करते, पूर्ण म्हणजे नोंद नीट, हक्क तपासलेले, मजकूर शोधता येणारा, लिंक पक्की, आणि बाकीच्यांची यादी आणि वेळापत्रक लेखी. टीमसमोर कॉम्प्युटरवर एखादं नाव टाकून दोन सेकंदांत पान उघडून दाखवता येणं आणि १०,००० फायलींचा न उघडणारा ढीग यात काय उजवं दिसतं ते कोणालाही कळतं. मी अनुभवाने सांगते, आकडा समोर ठेवला की साहेब ऐकतात, तक्रार नेली की ऐकत नाहीत.

घाईत वर चढवलेल्या ढिगाचं काय होतं ते आपण देशपातळीवर पाहिलंय. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियात लाखो पुस्तकं स्कॅन झाली, कितीतरी मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत मोडतोड होऊन चढली, कुठे पानं गहाळ, पुढे कॉपीराइटचा प्रश्न आला आणि ती साइटच बंद पडली. त्यातलं बरंच आज इंटरनेट अर्काइव्हवर वाचायला मिळतं ते केवळ तिथे प्रती गेल्या होत्या म्हणून.

हक्कांचं थोडक्यात. लेखक गेला की पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं कॉपीराइट. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांचं लेखन मोकळं आहे. वि. स. खांडेकर १९७६ ला गेले, त्यांचं २०३६ संपेपर्यंत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने बिगर-व्यापारी सार्वजनिक लायब्ररीला स्वतःकडच्या छापील वस्तूची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवायला मुभा दिलीये, पण जतन वेगळं आणि सगळ्या जगाला दाखवणं वेगळं. तुमच्या लायब्ररीला हे कसं लागू होतं ते विद्यापीठाच्या कायदा विभागाकडून लेखी घे. २००९ च्या यूजीसी नियमांनंतरचे पीएचडी प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या पोर्टलवर द्यायचेच असतात, ते तिथे आहेत का बघ आणि असतील तर दुप्पट मेहनत करू नकोस. त्याआधीच्यांसाठी लेखकाची संमती घे, मिळेपर्यंत फक्त लायब्ररीत बसून वाचायची सोय. आणि डिस्कवर कुठे प्रवेश रजिस्टर, मार्कलिस्ट, जातीचे दाखले स्कॅन केलेले सापडले तर ते पोर्टलवर चुकूनही नको, जिवंत माणसांची माहिती आहे ती.

सॉफ्टवेअर म्हणशील तर डीस्पेस घे. एमआयटी आणि एचपीने २००२ मध्ये आणलं, फुकट आहे, शोधगंगा त्यावरच चालते, पुण्यात ते येणारी माणसं मिळतात. सातव्या व्हर्जनपासून रचना पूर्ण बदललीये आणि सर्व्हर तगडा लागतो, त्यामुळे सिस्टिम ॲडमिनला आधीच विश्वासात घे. दुसरं कोणी काही विकायला आलं तर त्याला एकच विचार, उद्या तुम्हाला सोडलं तर माझ्या नोंदी आणि फायली मला कशा परत मिळतील, करून दाखवा. तोंडी नको.

कोटेशनवाल्याला सहा महिन्यांनी बोलव. तेव्हा प्रत्येक पानाची मूळ टिफ फाइल माग, नुसती पीडीएफ नको. ए-फोर पान ३०० डीपीआयला रंगीत, कॉम्प्रेस न केलेलं, साधारण २६ एमबी होतं, म्हणजे ३०० पानांचं पुस्तक जवळजवळ ८ जीबी, त्या हिशोबाने जागेचं बजेट आत्ताच मांडून ठेव. आणि पहिली दहा पुस्तकं स्वतः पान न पान मोजून घे, घडी घातलेले नकाशे हमखास राहतात.

आता ते नऊ रुमाल. सोडण्याआधी प्रत्येकाचा गाठीसकट फोटो काढ, वर चिठ्ठी असेल तर तिचा वेगळा. आत कागद ज्या क्रमाने आहेत तो क्रम मोडू नकोस, कारकुनाने ते काहीतरी हिशोबाने बांधलेत, तारखेप्रमाणे लावायचा मोह होईल, आवर. हात स्वच्छ आणि कोरडे, ओलं फडकं नाही, सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर देवाशपथ नाही. घड्यांमध्ये बारीक चमकदार वाळू सापडेल, शाई वाळायला टाकायचे ती, बघून तुला छान वाटेल. पूर्ण लिप्यंतर आत्ता करू नकोस, मोडी वाचणारा माणूस शोध, भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी केलीस तर रस्ता सापडेल, आणि त्याच्याकडून प्रत्येक कागदाचं फक्त कोणी, कोणाला, कुठून, कधी एवढंच काढून घे.

आणि आजोबा. त्यांना फोनवर उत्तर देऊ नकोस, त्यांच्या घरी जा. पहिला रुमाल सोडतानाचे फोटो बरोबर ने, मोठे प्रिंट काढून, फोनवर त्यांना दिसायचे नाहीत. दानपत्र ने, कागद कोणाचे, काय सगळ्यांना दाखवायचं, काय नाही, हे त्यांच्या सहीने, मुलांच्याही सह्या घे. आणि फोनचा रेकॉर्डर त्यांना विचारून चालू कर आणि नुसतं विचार की हे रुमाल वाड्यात कुठे ठेवलेले असायचे, कोण सोडायचं, वरच्या चिठ्ठीतलं अक्षर कोणाचं. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही, फक्त त्यांना माहितीये. ते दर सोमवारी फोन करतात ना, या सोमवारी तो फोन यायच्या आत तू त्यांच्या दारात हवीस.